जाऊबाईंची पाठ

एका म्हाताऱ्या बाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि मी पंधरा दिवस ड्रेसिंग करायला राजारामपुरीत त्यांच्या घरी जात होते. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर एवढं काम ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी मी हात धुऊन निघाले, तर त्यांच्या मुलीनं मला दारापाशी थांबवलं. मुलगी म्हणजे चाळिशीची बाई, चित्रकलेच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकवणारी.

"काकू, मी म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढते. कपड्यांशिवाय. तुम्ही बसाल का?"

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती चेष्टा करत नव्हती.

"कशाला?"

"चित्रं असोत, फोटो असोत, सगळे तरुण अंगाचेच काढतात. म्हातारं अंग फक्त डॉक्टर बघतात."

"आणि नर्स," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

आठवडाभर डोक्यातून ते जाईना. हिला मीच का दिसले? नवरा नाही, मुलगा पुण्याला, एकटी बाई सापडली म्हणून? आमच्याच गल्लीतल्या एका शिक्षिकेच्या लग्नातल्या साध्या फोटोतलं तोंड कुणीतरी भलत्याच उघड्या अंगाला चिकटवून मोबाइलवर फिरवलं होतं. ती बाई चार महिने घराबाहेर पडली नव्हती. मी पेशंटचं अंग पुसायला बसायचे तेव्हा आधी पडदा ओढायचे, मग पाण्यात हात घालायचे. आणि आता मीच पडद्याबाहेर बसायचं?

तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, आधी जागा बघते, मग काय ते. थोरल्या जाऊबाई डोळे तपासायला गावाकडून आल्या होत्या. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांची शेती. सोबतीला साक्षीदार असावा म्हणून त्यांना घेऊन गेले. रिक्षात त्यांना सगळं सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

फोटोची खोली तिच्या घराच्या माडीवर होती. मी आरशामागं बघितलं, स्विचबोर्ड बघितला, पंख्याकडंही बघितलं. तिचा मोबाइल खाली आईजवळ ठेवायला लावला. ती ठेवून आली. कॅमेरा जुना, फिल्मचा होता. फिल्म धुते कोण, असं विचारलं तर म्हणाली, मीच. मग तिनं आधी काढलेले फोटो आणि त्या माणसांनी सह्या केलेले संमतीचे कागद पुढं ठेवले. मी चष्मा लावून कागद वाचायला घेतले. सह्या खऱ्या कशावरून, हे मनात चालूच होतं.

जाऊबाई एकेक फोटो डोळ्यांपाशी नेऊन बघत होत्या. एका म्हाताऱ्याचे गुडघे, कुणाचं तरी लोंबलेलं पोट, एका जोडप्याच्या एकमेकांना टेकलेल्या पाठी.

"ह्यात वंगाळ काय हाय?" त्या म्हणाल्या. मग तिला विचारलं, "तोंड येत न्हाय न्हवं?"

"नाही आजी."

"मग माझा काढ की. हिचं वाचून व्हईस्तवर सांज व्हईल."

मी "अहो जाऊबाई" म्हणेपर्यंत त्यांनी पदर सोडला, चोळीची गाठ सोडली आणि खिडकीकडं तोंड करून स्टुलावर बसल्या. चाळीस वर्षांत मी त्यांची पाठ पाहिली नव्हती. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. मानेचं कातडं उन्हानं काळं पडलेलं, आणि चोळीची रेघ जिथं सुरू होते तिथून खाली एकदम गोरं, लहान मुलासारखं. दवाखान्यात अशा शेकडो पाठी पुसल्या मी. पण तेव्हा पुढचा पेशंट वाट बघत असायचा.

परतताना माझ्या मनात नवीनच किडा शिरला. "तुमचं आणि तिचं आधीच ठरलं होतं काय?"

"कशाचं ठरतंय? मी तिला आजच बघितली."

"मग एवढ्या पटकन कशा बसलात?"

"लगीन होऊन आल्यापास्नं माझ्या पाठीकडं कुणी इतकं निवांत बघितलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला. हेवा म्हटलं तरी चालेल. पोरीनं विचारलं होतं मला.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच गेले. कडी दोनदा तपासली. साडीच्या पिना काढून मी दवाखान्यातल्या सुयांसारख्या एका ओळीत मांडल्या. तिनं पोटाच्या वळ्या, मांडीवर ठेवलेले हात असे फोटो घेतले. मधेच म्हणाली, "काकू, श्वास सोडा." पेशंटला हेच मी सांगायचे. मी श्वास सोडला, पण नजर कॅमेऱ्यावरच ठेवली. फिल्म धुताना मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि सुकल्यावर ती मागून घेतली. तिनं दिली.

हिवाळ्यात शहरातल्या एका हॉलमध्ये तिच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. फोटो लावायला जाऊबाईंनी होकार दिला होता, मी नाही. मी रोज जाऊन त्यांच्या पाठीच्या फोटोजवळच्या खुर्चीत बसायचे. कोण काय बोलतंय ते मला ऐकायचं होतं. एके दिवशी एक माणूस त्या फोटोपुढं फार वेळ थांबला. पँटवर तेलाचे डाग होते. शिरोलीतल्या कारखान्यातून परस्पर आला असावा.

मी उठले. "पावणं, एवढं काय बघताय?"

तो दचकला. "खांदा बघतोय. वैरणीचा भारा ह्या एकाच बाजूला घेत असणार बाई." मग म्हणाला, "कुठल्या हो ह्या?"

"मला काय म्हाईत," मी म्हणाले.

त्यानं आणखी थोडा वेळ बघितलं आणि गेला. तो खरंच खांदाच बघत होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी गावाला जाऊन मी जाऊबाईंना हे सांगितलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोण हसलं का?"

"न्हाय."

"मग तुझा का न्हाय लावलास? त्या पोरीवर अजून इस्वास न्हाय?"

"पोरीवर हाय," मी म्हणाले. "बघणाऱ्यांवर न्हाय."

"व्हय, ते बी खरंच," त्या म्हणाल्या आणि शेंगांची पाटी दोघींच्या मधे सरकवली.