सगळ्या म्हणजे कोणत्या?

एका माहितीपानाने माझ्या साडभाऊला, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला, फसवलं आणि साडभाऊने मला. गोंदिया वेगळा झाल्यावर जो भंडारा जिल्हा उरला, त्यात याच्याइतका खोदून विचारणारा माणूस दुसरा नाही. लाखनीच्या एका लग्नात मुलीच्या बापाने "सगळे जेवले ना?" विचारलं, तर हा म्हणाला, "सगळे मंजे कोन? मांडवातले का बाहेरचे बी?" बाहेर गाडीचा ड्रायव्हर उपाशी बसलेला सापडला. माझ्या भांड्यांच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला "सगळं अस्सल पितळ" म्हटलं, की मागून याचं, "कड्या बी का, भाऊ?" मी खेकसायचो, "घरी जा नं तू!" तो जायचा आणि कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसायचा. माऊसवर त्याचा कधीच भरवसा नव्हता.

माझी आई पाणी भरायचे पितळेचे गुंड डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची. दुकान त्यातूनच उभं राहिलं. ती गेली, आणि तिचे फोटो होते ते फक्त साडभाऊने काढलेले. मी रागात काहीही पुसून टाकतो म्हणून त्याने ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवले आणि पुढे जागा तोच विसरला. कॉम्प्युटर भंगारात काढायच्या दिवशी त्याने फायली शोधायचं आपलं लाडकं साधन, हुकूम टाइप करून चालणारा एक प्रोग्रॅम, चालवलं. काही सापडलं नाही.

"नीट पाहून राहिला ना?"

"भाऊ, याच्या माहितीपानावर लिवलं हाये, सगळ्या फायली शोधते. नाही मंजे नाही."

जन्मात एकदाच त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. मी भंगारवाल्याशी भाव ताणला, जिंकलो आणि कॉम्प्युटर देऊन टाकला.

काही दिवसांनी साडभाऊ पांढराफटक चेहरा घेऊन दुकानात आला. त्याला आता कळलं होतं: ते साधन लपवलेल्या फोल्डरांत डोकावतच नाही. तसं वेगळं सांगावं लागतं. आम्ही भंगारवाल्याकडे धावलो, पण डिस्कचे तुकडे झाले होते. मग त्याने साधन बनवणाऱ्यांना लिहिलं. त्यांनी त्याने सुचवलेलं खुलाशाचं वाक्य माहितीपानावर घातलं आणि आभार मानले. आभार! आईच्या बदल्यात एक वाक्य. इतका तोट्याचा सौदा मी कधी केला नव्हता.

साडभाऊ आता लग्नात गुपचूप जेवतो. परवा पंगतीत "सगळे जेवले ना?" अशी हाक आली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पत्रावळीतला भात चिवडत राहिला. शेवटी मीच उठलो आणि मांडवाबाहेर पाहून आलो.

त्याच्यावर मी ओरडून घेतलं, पण हिशेब त्याच्याशी नाही. त्या पानावर 'सगळ्या' हा शब्द ज्याने लिहिला, त्याने माझ्या दुकानाच्या पायरीवर यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं: सगळ्या म्हणजे कोणत्या?