पाच लायसन, सतरा कनेक्शन

आमचं अख्खं घर एकदा तुरुंगात जाणार होतं, आणि हा शोध मी एकट्याने लावला होता.

शिरगावात आमचा मंडप आणि केटरिंगचा धंदा. ऑर्डरी पार उल्हासनगरपर्यंत. कुणाच्या हळदीला किती खुर्च्या, कुणाच्या लग्नात बिनकांद्याचं जेवण, सगळं कोपऱ्यात गुरगुरणाऱ्या सर्व्हरच्या पोटात. ऐन लग्नसराईत तो बंद पडला तर आमचा मांडव भलत्याच नवरीच्या दारात उभा!

तो घेताना कंपनीने सांगितलं होतं, "लायसन पाच जणांचं. वापरणाऱ्या पाच जणांची नावं द्या." नावं द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पडलो चळवळीतला! पत्रकावर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, हे माझ्याइतकं कुणाला कळतं? आधी ज्येष्ठ! म्हणून आजी, थोरले काका, काकू, बाबा, आई. (आजी टीव्हीचा रिमोटही उलटा धरते.) खरं काम करणारे दादा-वहिनी यादीत बसलेच नाहीत. मग वहिनी आजीच्या नावाने आत शिरायची, दादा काकांच्या आणि गोडाऊनचे दोघे कामगार आई-बाबांच्या.

एके दिवशी फोन आला, "सोमवारी आमचा माणूस लायसन तपासायला येतोय."

मी सहज सर्व्हरच्या स्क्रीनवर बघितलं. चालू कनेक्शन : सतरा! मी धावत बाबांकडे गेलो.

"बाबा, आपल्याकडे बारा कनेक्शन चोरीची आहेत."

"कुणी चोरली?"

"आपण!"

बाबा मटकन खुर्चीत बसले. "धाड पडेल काय रे?"

"धाड? सर्व्हर सील करतील!" (मोर्च्यांमुळे माझा आवाज खाली येतच नाही. अर्ध्या गल्लीने ऐकलं.)

वहिनी म्हणाली, "अरे, मी एकटीच चार खिडक्या उघडते. एकीत बुकिंग, एकीत भांडी, एकीत टेम्पो... माणूस तर मी एकच ना?"

"वहिनी, चोर असंच बोलतात!"

"दीर आहेस म्हणून सोडते हां!"

मी तिचं ऐकलं नाही. पुरावा नष्ट करणं भाग होतं! दिसेल ती वायर उपटली. कनेक्शन शून्यावर आली आणि लगेच दादाचा फोन.

"ए, अंबरनाथच्या हळदीचा पत्ता दिसत नाहीये! टेम्पो चौकात उभाय, नवरीचा बाप बोंबलतोय!"

वायरी परत लावल्या. पत्ता मिळाला, पण कनेक्शन पुन्हा सतरा! शेवटचा उपाय म्हणून आजीच्या हातात माऊस दिला आणि पाठ करून घेतलं, "मी रोज बुकिंग करते."

सोमवारी माणूस आला. किडकिडीत. आधी पाणी मागितलं. (हे लोक असेच गोड बोलून सुरुवात करतात!)

"पहिलं नाव आजींचं. आजी, तुम्ही वापरता?"

आजीने माऊस त्याच्यापुढे धरला. "मना त्यातला काय कलतं? माझा नाव या कार्ट्याने मानासाठी घातलाय. काम नातसून करते."

संपलं! मी दोन्ही हात पुढे केले. "मला अटक करा! बाकीचे निर्दोष आहेत!"

"अटक?" तो माणूसच दचकून मागे सरला. "कशासाठी?"

"बारा जादा कनेक्शन!"

"अहो, कनेक्शन मोजतंय कोण? तुमचं बिल ताटावर असतं, आमचं माणसावर. आत आलेल्याने कितीदा वाढून घेतलं ते आम्ही बघत नाही. वहिनींनी चार काय, चाळीस खिडक्या उघडू देत."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"पण," तो पुढे म्हणाला, "ज्याचं नाव त्यानेच वापरायचं. इथे तर नावं एकांची, काम दुसऱ्यांचं. ही चूक कुणाची?"

अख्ख्या घराची बोटं माझ्याकडे वळली.

"नावं आजच बदला, नाहीतर सर्व्हर खरंच बंद करावा लागेल."

वहिनी सांगायला बसली. स्वतःचं नाव, दादाचं, गोडाऊनच्या दोघांचं.

"पाचवं?" त्याने विचारलं. मी शर्ट खाली ओढून ताठ उभा राहिलो.

"राहू दे रिकामं," वहिनी म्हणाली. "हा नुसता घाबरतो. त्याला लायसन लागत नाही."

बाबा, काका, काकू, आई आणि आजी, सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका एकमुखी पाठिंबा मला आजवर एकाही मोर्च्यात मिळालेला नाही!