अंधारात लांबलेली रोपं

विहिरीवर रोज चार बायका जमल्या की किस्से आपोआप साठत जातात. थोडे हसायचे, बाकीचे घागरीबरोबर घरी न्यायचे. यंदा आमच्या कुंभकोणमच्या परसात साठले ते सगळे टोमॅटोच्या रोपांचे!

*

नवरात्रात घटाचं धान देवघराच्या अंधारात वाढतं. जितकं लांब आणि पिवळं, तितकं शुभ. म्हणून सासूबाईंनी टोमॅटोचं बीही देवघरातच पेरलं! रोपं वीतभर लांब, सुतासारखी बारीक. सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली, "बघा, कशी घटासारखी आलीत!"

मी पाणी शिंपडलं मात्र, सगळी आडवी!

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताला काही जगत नाही."

*

शेजारच्या साळूअक्काने आपल्या खराट्याच्या काड्या काढून आमच्या रोपागणिक एकेक रोवली. सकाळी तिचे यजमान उरलेला खराटा घेऊन दारात उभे. "अग, आता अंगण कशाने झाडशील? टोमॅटोने?"

*

पलीकडच्या अलमेलू मामी म्हणाल्या, "काड्या काढा. कुंडीत खोल खड्डा करून गळ्यापर्यंत पुरा. दांड्यालाच मुळं फुटतात."

आणि त्या एकेक रोप पुरू लागल्या. माझा थोरला वर्षाचाही नव्हता, त्याला कावेरीकाठी असंच पुरलं होतं. मी घागर तिथेच ठेवून घरात आले.

मामी मागून ओरडल्या, "अग, पाणी कोण घालणार?"

*

रोपांना वारा लागला की दांडे जाड होतात म्हणे. सासूबाई देवाचा ताडपंखा घेऊन बसल्या. ओसरीवर मामंजी घाम पुसत म्हणाले, "मीही टोमॅटोच व्हायला हवा होतो!"

*

थोरल्यानंतरची माझी कुसुम. ऊन नको, वारा नको, म्हणून तिला मी मधल्या खोलीतच वाढवली. उंच झाली, पण पांढरीफटक. उभी राहिली की पाय लटपटायचे. डॉक्टर म्हणाले, "हिला उन्हात न्या." माझा धीरच होईना.

रोपं बाहेर काढायच्या दिवशी मामी म्हणाल्या, "एकदम उन्हात ठेवलीस तर करपतील. आज घटकाभर, मग आत. रोज थोडं वाढवायचं."

त्यांनी कुंड्या उन्हात मांडल्या. मी कुसुमला आणून त्यांच्या शेजारी बसवलं आणि तिच्यावर पदर धरून उभी राहिले. तिने पदर बाजूला सारला.

घटका भरली न भरली, तोच मी तिला उचलून आत आणलं आणि दार लावलं.

बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "अम्मा, उद्या थोडं जास्त ना?"