मामांचं वाढलेलं प्रोटीन

जगात पहिला आणि लाजिरवाणा असे दोनच नंबर असतात, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे पळसदरीचे आमचे मामेसासरे. परसातला दुधी हातभर झाला की मामा तो खांद्यावर टाकून स्टेशनापर्यंत फिरवून आणतात. विकायला नव्हे, दाखवायला. धरणात गळाला लागलेला मासा दर वेळी सांगताना वाढतो. लोधिवलीच्या आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब सगळ्या रांगेत जास्त भरला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या व्याह्यांना ते म्हणाले, "बगा, हाय का तुमच्यात कोनाचा एवडा?" डॉक्टर गोळ्या लिहून देत होते आणि हे कॉलर ताठ करत होते.

त्याच शिबिरात कुणीतरी म्हणालं, "आजोबा, तुमच्या अंगात प्रोटीन कमी आहे, कडधान्यं खा." कमी! मामा हबकलेच. तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ वाल. मामी माझ्या बायकोला फोनवर सांगायच्या, "वालाचं बिरडं बगूनच पोट भरतंय गं माजं."

गेल्या वर्षी थंडीत मामांनी सगळ्या गोतावळ्याला पोपटीला बोलावलं. शेतात भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरली, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. मडकं उघडलं, शेंगांचा वास सुटला, तसे मामा उभे राहिले.

"जावयबापू, आज माजी पार्टी. प्रोटीन वाडलं आपलं!"

"वा! कसलं प्रोटीन, मामा?"

"पीएसए का काय म्हनतात. लगवीला सारकं उटावं लागतं म्हनून रगात तपासलं. चारच्या आत असतं लोकांचं, आपलं शंभराच्या वर!"

टाळ्या पडल्या. माझ्या हातातलं अंडं राखेत पडलं. ऑफिसच्या तपासणीत माझंही हे प्रोटीन मोजलं होतं, म्हणून ते कशाची खूण असू शकते हे मला ठाऊक होतं. विचारल्यावर कळलं, रिपोर्ट देणाऱ्या माणसाने मामांना बजावलं होतं, "एक प्रोटीन फार वाढलंय, लगेच डॉक्टरांना दाखवा." मामांनी त्यातलं अर्धं वाक्य उचललं आणि पोपटीचा बेत आखायला बसले. याला दोन महिने झाले होते! आणि मामा मला आग्रहाने शेंगा वाढत होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना कर्जतला नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरा होणार नाही, पण इंजेक्शनांनी दबून राहील. हे प्रोटीन खाली राहील तोवर ठीक, पुन्हा चढायला लागलं तर कठीण. मामा खालच्या मानेने ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हंजे ह्यात शेवटचा नंबर काडायचा!"

आणि त्यांनी तोही जिद्दीने काढला. इंजेक्शनांनी अंगाच्या वाफा निघायच्या, भर थंडीत गृहस्थ बनियनवर ओटीवर बसलेला. दर तपासणीनंतर माझा फोन वाजायचा. "धा!" मग "दोन!" मग "अर्दा! गावात कोनाचं नाय एवडं कमी!"

यंदाही पोपटी लावली. सगळे शेंगा सोलण्यात गुंतलेले असताना मामा माझ्याजवळ सरकले. "जावयबापू, परत वाडलं तर मी कोनाला सांगनार नाय हां." या माणसाने आयुष्यात एकही आकडा पोटात ठेवला नव्हता.

गेल्या सोमवारी पुन्हा तपासणी झाली. फोन आला नाही. मीच केला, तर मामी म्हणाल्या, "शेतावर गेलेत." संध्याकाळी केला, तरी शेतावरच. मला आता आकडा नकोच आहे. मामांनी नुसता फोन उचलावा आणि यंदा दुधी केवढा झालाय तेवढं सांगावं, हवा तितका वाढवून.