प्रेमराज ड्रायव्हरचं श्वासाचं मशीन

प्रेमराज ड्रायव्हर घोरायचा, आणि साधंसुधं नाही घोरायचा. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला डोंगराशी एक गाव आहे. तिथे त्याची लाल गाडी रोज संध्याकाळी मुक्कामाला जायची आणि सकाळी तिथूनच पहिली फेरी घेऊन निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर दोघं गावातच झोपायचे, ग्रामपंचायतीच्या खोलीत. गावातल्या बाया म्हणायच्या, मुक्कामाची गाडी आली का ते बघायला उठायलाच नको, पडल्या पडल्या कळतं. प्रेमराज हसायचा. थट्टेनं काही त्याच्या अंगाला भोकं पडत नव्हती.

त्याचा कंडक्टर होता सुकदेव. मुक्कामाची जोडी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घरच्या बायकोपेक्षा जास्त रात्री ही दोन माणसं एकमेकांच्या शेजारी काढतात. एकाच डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खातात, एकाच बादलीतलं पाणी घेतात. आणि या जोडीचा एक अलिखित कायदा असतो, गाडीतली गोष्ट गाडीत. एकदा तपासणीवाल्यांनी सुकदेवला तिकिटाच्या घोळात धरलं होतं, तेव्हा प्रेमराज साहेबापुढे छाती काढून उभा राहिला. म्हणाला, माझ्या कंडक्टरची चूक नाही, मी शपथेवर सांगतो. सुकदेव वाचला. प्रेमराजनं त्या गोष्टीचा पुन्हा उच्चारही केला नाही.

मग एके दुपारी सोनगीरच्या अलीकडे, टळटळीत उन्हात, स्टिअरिंगवर प्रेमराजचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून मुरमावर उतरली. सुकदेवनं झेप घेऊन त्याचा खांदा गदागदा हलवला.

"भो! डोया लागना ना तुना!"

कुणाला खरचटलंही नाही. पण प्रेमराजनं वळून गाडीभर नजर फिरवली. मागे चाळीस-पन्नास जीव बसलेले, त्यात लेकुरवाळ्या बाया. सुकदेवनं प्रवाशांना सांगितलं, बैल आडवा आला होता. प्रेमराजला मात्र बाजूला घेऊन म्हणाला, डॉक्टरला दाखव, नाही तर एक दिवस सगळ्यांना घेऊन जाशील. बरोबरच बोलला तो. उगाच कशाला त्याचं चांगलं झाकायचं?

जळगावच्या डॉक्टरांनी एक रात्र दवाखान्यात झोपवून, अंगाला वायरी लावून तपासणी केली. झोपेत श्वास अडतो, म्हणाले. तासातून कित्येक वेळा अडतो, तुम्ही झोपता पण झोप लागतच नाही, म्हणून दिवसा पेंगता. उपाय एकच, हवा देणारं मशीन. डबा उशाशी ठेवायचा, त्याची नळी, नळीला मास्क, मास्क नाकावर. डबा रात्रभर दाबानं हवा सोडत राहतो आणि घसा मिटू देत नाही. मशीन देणाऱ्या माणसानं दाब लावून दिला सातावर आणि बजावलं, "काका, सेटिंगला हात लावायचा नाही. काही वाटलं तर आम्हाला फोन करा."

प्रेमराजनं फोन केला. एकदा नाही, दहादा केला. सांगितलं, मास्क लावला की जीव गुदमरतो, हवा पुरत नाही, सकाळी डोकं तसंच जड. उत्तर ठरलेलं: मशीन घेऊन या, डॉक्टरसाहेबांची वेळ घ्या. वेळ मिळाली ती पुढल्या महिन्यातली, आणि डेपोत ड्रायव्हरांची अशी टंचाई की रजेचं नाव काढलं की साहेबाचं तोंड वाकडं. अहो, श्वास कधी पुढच्या महिन्याची वाट बघतो का!

शेवटी त्याला आठवले गिरधर आबा. तपासणीच्या वेळी दवाखान्यात शेजारी बसलेले बोदवडचे म्हातारे, मशीन वापरून जुने झालेले. त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. आबांनी फोनवर सांगितलं, दोन बटणं एकदम दाबून धरायची, आतलं पान उघडतं, तिथे दाब बदलता येतो. "पण बाबा, मी माझ्या डॉक्टरला विचारून करतो. तू पण विचार."

प्रेमराजनं विचारलं नाही. ड्रायव्हर माणूस! गाडी चढावर दम तोडायला लागली की गिअर बदलायला कुणाची परवानगी लागते? त्यानं थेट सातावरून तेरावर नेलं. दुसऱ्या दिवशी पोटात इतकी हवा की पोट तट्ट फुगलेलं, आणि गाडीत ढेकरांवर ढेकर. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ड्रायव्हरसाहेबांकडे काल लग्न होतं वाटतं. सुकदेव हसून हसून वाकडा झाला. त्याला प्रेमराजनं सगळं सांगितलं, बटणंही दाखवली. त्याच्यापासून काय लपवायचं?

मग मात्र तो शहाणा झाला. दाब परत खाली आणला आणि हळूहळू वर नेला. अर्धा वाढवायचा, आठवडाभर तसाच ठेवायचा, सकाळी मशीनवर श्वास किती वेळा अडला तो आकडा बघायचा. साडेदहाला आकडा अगदी खाली आला आणि तिथेच टिकला. आणि काय सांगू तुम्हाला, माणूस बदलला! सकाळी उठला की आधी अंग मोकळं. साक्रीच्या रस्त्यावर गाणी म्हणायला लागला. बायको प्रमिलाबाई म्हणाली, लग्न झालं तेव्हाचे तुम्ही परत आलात. पंचायतीच्या खोलीत आता नुसता मशीनचा बारीक सूं सूं आवाज. सुकदेव सकाळी विचारायचा, "झोप लागनी का रे?" आणि प्रेमराज म्हणायचा, "लागनी भो, मस्त लागनी." त्याला वाटायचं, आपल्या झोपेची काळजी करणारं घराबाहेरचं एक माणूस तरी आहे.

आणि मग साहेबानं बोलावलं.

"तुम्ही झोपेच्या मशीनचं सेटिंग स्वतःच बदलता, अशी तक्रार आहे. डॉक्टरचं पत्र येईपर्यंत स्टिअरिंग बंद."

त्यानं सेटिंग बदललं होतं, नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण स्टिअरिंग बंद! सगळी उमर ज्या चाकावर गेली ते हातातून काढून घेतलं आणि त्याला यार्डात टायरमध्ये हवा भरायला बसवलं. डेपोतली पोरं टपलेलीच होती. "प्रेमराजभाऊ, रात्री स्वतःची हवा, दिवसा टायरची!" आधी असल्या थट्टेला हसणारा माणूस आता मान खाली घालून कॉम्प्रेसरचा पाइप ओढायचा. डॉक्टरनं आता नाही म्हटलं तर पुन्हा कधी गाडी मिळणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

तक्रार केली कुणी? डोकं फिरलेल्या माणसाला जवळचा दिसत नाही, लांबचा दिसतो. त्यानं गिरधर आबांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. तुम्हीच शिकवलं, तुम्हीच चुगली केली, म्हातारपणी हेच धंदे का? आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे बाबा, मला तुझा डेपो कोणता तेसुद्धा माहीत नाही." आणि फोन ठेवला. प्रेमराजला तेव्हा कुठे भान आलं. त्या भल्या माणसाला विनाकारण दुखवलं होतं.

आणि तरीही त्याच्या मनात सुकदेवचं नाव आलं नाही. एकदाही नाही! उलट वाटत होतं, बिचाऱ्याची जोडी मोडली, एकटा पडला असेल.

रजेअभावी डॉक्टरांची पहिली वेळ हुकली होती. नवी वेळ आली तेव्हा मशीन पिशवीत घालून प्रेमराज जळगावला निघाला. धुळ्याला गाडीत चढला आणि बघतो तर दारात तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून सुकदेव. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. जळगावची दिवसपाळी, म्हणजे संध्याकाळी घरी. ज्या पाळीसाठी डेपोत माणसं देव पाण्यात घालून बसतात, ती.

सुकदेवचा चेहरा उतरला. तरी प्रेमराज खुशीत म्हणाला, "वा भो! हाई ड्यूटी कशी भेटनी तुले?"

"भेटनी... जोडी मोडनी ना आपली. साहेबनी दिन्ही." मग गडबडीनं म्हणाला, "तू जास्त मनवर लेऊ नको. साहेब माले सांगे व्हता, नुसता तपासनीले धाडसू, गाडीवरथीन काढाव नई."

प्रेमराजनं पिशवी मांडीवर ठेवली. गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागली होती. म्हणजे स्टिअरिंग काढायच्या आधीच साहेब याच्याशी बोलला होता.

"साहेब तुले कव्हय सांगे व्हता?"

सुकदेव तिकिटाच्या मशीनची बटणं चाचपायला लागला. पुढच्या बाकावर कुणी तिकीट मागत होतं, त्याला ऐकूही गेलं नाही.

"सुकदेव. तू सांगं का साहेबले?"

"तुना भलाकरताच सांगं, भो. काही व्हयी जातं तं?"

"मंग माले काबर नई सांगं आधी?"

भल्यासाठीच सांगायचं तर रोज रात्री दोन हातांवर झोपलेल्या माणसाला सांगायचं होतं. सुकदेवला मुक्कामाचा कंटाळा आला होता, बायको रोज टोमणे मारत होती, आणि जोडी मोडल्याशिवाय त्या ड्यूटीतून सुटका नव्हती. एवढंच होतं. तोंडानं मागितलं असतं तर प्रेमराज स्वतः साहेबापुढे गेला असता, हात जोडले असते, याला दिवसपाळी द्या म्हणाला असता. ज्यानं याच्यासाठी शपथ घेतली त्याच्याच ताटात यानं माती कालवली, आणि वर पुन्हा भल्यासाठी! प्रेमराजला रडू फुटेल असं वाटलं. भर गाडीत, लोकांसमोर. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं ते जळगाव येईपर्यंत. उतरताना सुकदेवनं पिशवीला हात लावला, तर त्यानं ती दुसऱ्या हातात घेतली.

डॉक्टरांनी मशीनमधली माहिती संगणकावर काढून नीट बघितली. आधी चांगले रागावले. "तेरावर नेलंत तेव्हा काही झालं असतं तर? तुम्हाला जमलं, दुसऱ्याला जमणार नाही. बदलायचं होतं तर मला गाठायचं." मग म्हणाले, "आमच्याकडूनही उशीर झाला. पण साडेदहा तुमच्यासाठी बरोबर आहे, तेच ठेवतो. श्वास अडणं जवळजवळ थांबलंय. दिवसा जागं राहण्याची एक चाचणी घेऊ, ती पार पडली की गाडी चालवा." चाचणी पार पडली. पत्र मिळालं. बाहेर येऊन प्रेमराजनं पहिला फोन गिरधर आबांना केला आणि माफी मागितली. आबा म्हणाले, झालं गेलं सोड, कधी बोदवडला ये, भरीत खाऊन जा.

साहेबानं पत्र बघितलं, शिक्का मारला आणि मुक्कामाची गाडी परत दिली. वर म्हणाला, "तुमची जुनी जोडीच लावतो. त्या गावची माणसं, तो रस्ता, सुकदेवलाच ठाऊक." प्रेमराजनं नको म्हटलं नाही. चुगलीला चुगलीनं उत्तर द्यायचं त्याच्या रक्तात नव्हतं. सुकदेवची दिवसपाळी गेली ती गेलीच.

पहिल्या दिवशी दुपारी गाडी स्टँडच्या फलाटावरून मागे घ्यायची होती. मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी देतो आणि ड्रायव्हर त्या शिट्टीवर डोळे मिटून गाडी नेतो. प्रेमराज-सुकदेवनं हे इतकी वर्षं केलं होतं की प्रेमराज मान वळवून बघतही नसे. सुकदेव मागे जाऊन उभा राहिला, शिट्टी वाजवली. गाडी हलली नाही. पुन्हा वाजवली. प्रेमराजनं हँडब्रेक ओढला, दार उघडलं, खाली उतरला आणि गाडीला वळसा घालून मागे आला. आधी उजवी बाजू बघितली, मग डावी. गाडीतले प्रवासी खिडक्यांतून वाकून बघायला लागले.

सुकदेवनं शिट्टी तोंडातून काढली, मी आहे ना इथे अशा खुणेनं छातीला हात लावला. "भो, मी शे ना आठे."

"तू शे म्हनीसनच उतरनू," प्रेमराज म्हणाला आणि परत जाऊन स्टिअरिंगवर बसला.