भागीकाकीची निरगुडी

भागीकाकी कुणाच्याही घरी गेली की पाणी नंतर मागायची, आधी कणगीत कोपरापर्यंत हात घालायची. मी नाते गावाहून लग्न होऊन कुडपणात आले, तर तिसऱ्याच दिवशी शेजारची ही बाई आमच्या तांदळात! "ऊब लागते गो. टोके-किडे झाले तुझ्या सासूच्या तांदळाला," असं खुशाल सासूसमोर म्हणाली. मला हसू आवरेना. सासूबाई मात्र आठवडाभर फुगून होत्या.

तिचं औषध एकच, निरगुडीचा पाला. तो तोडायला मला सोबत न्यायची आणि वर बोलणी ऐकवायची. "उनात नको गो, सावलीत सुकव. उनानं त्याचा राग जातो." मग तांदळाचा एक थर, पाल्याचा एक थर. मी विचारलं, "काकी, यानं किडा मरतो?"

"मारायचा कशाला? त्याला कंटाळा आणायचा. आपला आपण जातो."

तिचा सुरेश मुंबईला. दरवर्षी त्याच्याकडे गोणीभर तांदूळ जायचा. गेल्या दिवाळीत तो एकटाच आला आणि म्हणाला, "आये, भाताला पाल्याचा वास येतो. पोरं ताट सरकवतात. किड्याच्या गोळ्या आणल्यात, एकदम पॉवरफुल." महाडच्या दुकानदारानं साध्या कागदात बांधून दिलेल्या, ना डबा, ना सूचना. मला वाटलं, आता काकी त्याला सोलून काढणार. कसलं काय! तिनं एवढंच विचारलं, "मग पोरं खातील ना रे?" आणि स्वतःच्या हातानं सगळा पाला उपसून टाकला.

निघायच्या दिवशी सुरेशनं गोळ्या टाकून कणगीचं तोंड शेणानं लिंपलं. "उघडू नको," असं बजावून एसटीत बसला. शेजारी झोपू नको, हे त्यालाच कुणी सांगितलं नव्हतं, तर तो आईला कुठून सांगणार? काकीचं अंथरूण कायम कणगीपाशी, आणि थंडीमुळे दारं-खिडक्या बंद. सकाळी मी हाक मारायला गेले तर ओकून ओकून निपचित पडलेली. जीप पोलादपूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धान्याला काय लावलंय?" तेव्हा कुठे त्या गोळ्यांच्या विषारी वाफेचं आम्हाला उमगलं.

सुरेश असा रडत होता की त्याच्यावर ओरडायचंही माझ्यानं झालं नाही. तो मेला दुकानदार मात्र अजून पुड्या बांधतोय.

कणगी उघडून तांदूळ अंगणात वाऱ्याला पसरला. एक किडा जिवंत नव्हता. भावकीतलं कुणी म्हणालं, "एवढं धान्य टाकून कसं देणार?" म्हणून बाराव्याला तोच शिजवला. मी भात पानातच ठेवला. मुंबईची नातवंडं पोटभर जेवली. धाकट्यानं तर भात दोनदा मागून घेतला.