सोजराबाईसाठी कमी मिठाचा पाव

आखाडा बाळापूरच्या अमृतरावाचा पाव म्हणजे काय विचारता! वारंगा फाट्याचे ट्रकवालेसुद्धा वाट वाकडी करून न्यायचे. नांदेडच्या एका भट्टीवर पोरवयात हात भाजून घेत शिकलेला माणूस. पण त्याचा एक नेम होता. भट्टीतला पहिला पाव बायकोला, सोजराबाईला. तिनं चहात बुडवून घास घेतला, "बराबर हाय" म्हणाली, की मग दुकान उघडायचं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तिचं बीपी वाढलं आणि हिंगोलीच्या डॉक्टरनं मीठ तोडायला सांगितलं. लोणचं गेलं, पापड गेले, त्याचं काही नाही. पण सोजराबाईनं पावही सोडला. "भाकरीत कुठं मीठ असतंय? चहासंगं भाकर खाईन की," म्हणाली. बोलणं शहाणपणाचंच, पण अमृतरावाचं तोंड उतरलं. लग्नापासून पहिल्यांदाच पहिला पाव गिऱ्हाइकाला गेला.

"थांब, तुझ्यापुरता बिनमिठाचा करतो," म्हणत त्यानं वेगळा गोळा मळला. खमिराला आवरणारं मीठच नाही म्हटल्यावर त्याला रान मोकळं! गोळा हाताला चिकटत होता, पण असा फुगला, असा फुगला, की परातीच्या काठावरून उतू गेला. आता उतू जाणं म्हणजे शुभ! आपल्याकडं नव्या घरात दूध मुद्दाम उतू जाऊ देतात. मग हा बाबा कशाला हात लावतोय? कौतुकानं बघत बसला. भट्टीत घातला तोवर फुगून फुगून गोळ्याचा दम गेलेला, पाव बसला चपटा. वर रंग नाही, आत नुसती भोकं.

सोजराबाईनं मात्र तो मिटक्या मारत खाल्ला. "बराबर हाय."

अमृतरावानं उरलेला तुकडा तोंडात टाकला. कसली चव न् कसलं काय, निव्वळ लगदा!

"खोटं काहून बोलून राहिली? माझ्या पावाला तू कधी खोटं न्हाई बोलली!"

"तुमी एवढ्या हौसेनं केला. मन मोडवलं न्हाई मला."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. दुखणं तिला, आणि सांभाळून घेत होती ती त्याला. भट्टीमागं जाऊन गडी ढसाढसा रडला.

मग मात्र हट्टाला पेटला. डॉक्टरला विचारून आला. निम्म्या मिठाचा एवढासा पाव चालेल म्हणाले. खमीर कमी केलं, पाणी माठातलं गार घेतलं, गोळा जास्त मळला आणि जरा फुगला की शुभ-अशुभ न बघता सरळ भट्टीत. कधी पाव बसला, कधी करपला. गल्लीतल्या शेळ्यांची चैन झाली.

शेवटी एका सकाळी पाव तांबूस निघाला, आतून मऊ. सोजराबाईनं घास घेतला, सावकाश चावला. अमृतराव पिठाचे हात तसेच धरून उभा.

"जरा फिक्काच हाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढं केला.